इन्कम टॅक्सचं रिफंड पोर्टल: हप्ते थकलेल्या मुंबईकराने ते कसं वापरावं

हे परीक्षण आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवरच्या रिफंड सोयीचं आहे, पण एका खास गिऱ्हाइकाच्या बाजूने केलेलं. दोन-तीन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन थकलंय, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत आणि हायकोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करावा का, असा विचार मनात घोळतोय. अशा माणसाला हे पोर्टल किती कामाचं?

आधी निकाल सांगून टाकतो. वेगाला पाचपैकी साडेचार. साधं रिटर्न नीट भरून ई-व्हेरिफाय केलं तर बंगळुरूच्या सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटरमधून काही दिवस ते काही आठवड्यांत रिफंड खात्यात पडतो. चर्चगेटच्या आयकर भवनात खेटे घालावे लागत नाहीत. सूचना देण्याच्या पद्धतीला मात्र दोनच गुण, त्याचं कारण पुढे येईल. आणि या पोर्टलला तुमची कर्जं दिसत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. तुम्ही दाखवाल त्या खात्यात ते पैसे टाकून मोकळं होतं. ते खातं कर्ज दिलेल्या बँकेचंच निघालं, तर रिफंड आल्याचा एसएमएस आणि बँकेने तो वळता करून घेतल्याचा एसएमएस एकापाठोपाठ येतात.

या विषयावर नेटवर शोधायला गेलात तर निम्मी माहिती अमेरिकेची सापडते: चॅप्टर ७ ची दिवाळखोरी, तिथली वाइल्डकार्ड सूट, कर शून्य झाल्यावरही हातात पैसे देणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट वगैरे. तिथे दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या काळाचा रिफंड कर्जदाराच्या मालमत्तेत धरला जातो आणि सूट देणाऱ्या कलमांखाली त्यातला काही भाग वाचवता येतो. आपल्याकडे त्यातलं काहीच लागू नाही. कलम ८७ए ची सवलत कर शून्यावर आणते, पण शून्याच्या खाली जाऊन हातात पैसे देत नाही. इथे रिफंड म्हणजे तुमचाच जादा कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरलेला कर) किंवा जादा भरलेला आगाऊ कर. एक खुलासा करून ठेवतो: १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे रिफंड १९६१ च्या कायद्याखालीच निघतात, म्हणून खाली जुनेच नंबर दिले आहेत.

खातं कोणतं दाखवायचं

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून इथे वेळ घालवा. पोर्टलवर ‘माय प्रोफाइल’मध्ये ‘माय बँक अकाउंट’ आहे. तिथे खातं जोडायचं, ते प्री-व्हॅलिडेट व्हायची, म्हणजे बँकेकडून पडताळलं जायची, वाट बघायची आणि मग ‘नॉमिनेट फॉर रिफंड’चं बटण सुरू करायचं. खात्याला पॅन जोडलेला हवा, खातं चालू हवं, आयएफएससी आजचा हवा आणि नाव पॅनप्रमाणे हवं. कर्ज खातं किंवा पीपीएफ खातं चालत नाही. पतसंस्थेचंही नाही, कारण ती बँक नव्हे.

थकबाकी असलेल्या बँकेला तुमच्या बचत खात्यातली शिल्लक त्या थकबाकीपोटी वळती करून घेता येते. याला सेट-ऑफ म्हणतात, आणि बँकेचा लिनचा, म्हणजे येणं मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा, हक्क करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये आहे. कार्डाच्या बारीक अक्षरातल्या अटींमध्येही बहुतेकदा तो लिहिलेला असतो. अट एवढीच, की येणं देय झालेलं असावं आणि दोन्ही खाती त्याच माणसाची, त्याच नात्याने असावीत. पुढच्या वर्षीचे हप्ते बँक आज कापू शकत नाही. पण बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितल्याची नोटीस, ज्याला रिकॉल म्हणतात, ती येऊन गेली असेल तर सगळी रक्कम देय झालेली असते आणि मग नव्वद हजारांचा रिफंड एका झटक्यात जातो.

म्हणून जिथे एक रुपयाचंही देणं नाही अशा बँकेतलं खातं निवडा. ते आहे की नाही हे वाटतं तितकं उघड नसतं. दुकानाच्या किंवा अ‍ॅपच्या नावाचं को-ब्रँडेड कार्ड असेल तर मागच्या बाजूला कोणत्या बँकेने दिलंय ते वाचा. अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाचा खरा सावकार ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये लिहिलेला असतो. तो एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी, असू शकतो, बँकही असू शकते. विलीन झालेल्या बँकांचं विसरू नका. देना बँकेतलं जुनं खातं आता बँक ऑफ बडोदाचं आहे, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँकेतलं युनियन बँकेचं, सिंडिकेटचं कॅनराचं. ‘त्या बँकेशी माझा काही संबंध नाही’ असं म्हणणाऱ्याचं कार्ड नेमकं त्याच बँकेचं असतं. शिवाय जुना आयएफएससी तसाच राहिला असेल तर व्हॅलिडेशनच फसतं.

देणं नसलेलं एकही खातं नसेल तर नवं बेसिक बचत खातं उघडा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. त्या खात्यावर नॅच मँडेट, म्हणजे ईएमआय आपोआप कापायची परवानगी, देऊ नका. रिफंड चार तारखेला पडला आणि पाच तारखेला कुठल्यातरी एनबीएफसीचं मँडेट आलं, तर सेट-ऑफची गरजच उरत नाही. उलट, जुन्या खात्यावरची मँडेट नुसती बाऊन्स होऊ देणंही बरं नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली ते चेक न वटल्यासारखंच गुन्हा ठरू शकतं.

रिटर्नमध्ये वर्षभरात चालू असलेली सगळी बँक खाती दाखवावी लागतात, कर्ज दिलेल्या बँकेतलंही. ती दाखवा, लपवू नका. पण रिफंडासाठीची खूण एकाच खात्यासमोर करा. दोन-तीन खात्यांसमोर खूण केली तर त्यातलं कोणतं घ्यायचं हे प्रोसेसिंग सेंटर ठरवतं. फॉर्ममध्ये हे कुठेतरी लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण? पोर्टलची ही खरी खोट आहे. इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी लाल अक्षरात एक ओळ द्यायला काय हरकत होती?

नावाची भानगड मराठी माणसाला जास्त नडते. पॅनवर वडिलांच्या नावासह तीन नावं, बँकेत आडनाव आधी, आधारवर मधलं नाव गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत बँकेत एक आणि पॅनवर दुसरं. व्हॅलिडेशन फसलं की आधी बँकेतलं नाव पॅनप्रमाणे करून घ्या, कारण पॅन बदलायला जास्त दिवस लागतात. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात रिफंड मागवता येत नाही, तो विचार सोडून द्या. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर पॅन निष्क्रिय होतो. तोवर रिफंड निघत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. विलंबाने जोडायची फी १००० रुपये आहे.

रिफंड एकदा परत गेला तर ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘रिफंड रीइश्यू’मध्ये नवं खातं निवडून ई-व्हेरिफाय करावं लागतं. हा भाग मात्र छान चालतो.

जुन्या मागणीचा सापळा

सूचना देण्याच्या पद्धतीला दोन गुण का, ते आता. तुमच्यावर एखाद्या जुन्या वर्षाची कराची मागणी बाकी असेल तर आयकर खातं ती कलम २४५ खाली रिफंडातून कापून घेऊ शकतं. त्याआधी सूचना द्यावी लागते. ती ईमेलवर येते आणि पोर्टलवर ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मधल्या ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये दिसते. ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर कपात होते. कर्जात बुडालेला माणूस ईमेल उघडायचं टाळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. वसुलीच्या पन्नास मेलांमध्ये ही एक हरवून जाते.

उत्तर देताना ‘डिमांड इज करेक्ट’ हा पर्याय घाईने दाबू नका. एकदा कबूल केलं की नंतर असहमत होता येत नाही. आधी ती मागणी कुठल्या वर्षाची, कशामुळे निघाली ते बघा. मालकाने टीडीएस कापला पण त्याच्या टीडीएस रिटर्नमध्ये तुमचा पॅन चुकला, हे नेहमीचं कारण. तेव्हा ‘डिसॅग्री’ निवडून चलन, फॉर्म १६ किंवा दुरुस्ती अर्जाचा तपशील द्या. कापलेला कर मालकाने भरलाच नाही, अशी वेळ आली तर कलम २०५ प्रमाणे तो कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण क्रेडिट मिळवायला पगाराच्या स्लिपा, बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कम आणि बिलं हाताशी लागतात. अंधेरी-गोरेगावच्या छोट्या निर्मिती संस्थांसाठी काम करणाऱ्यांनी ही कागदपत्रं दर महिन्याला जपून ठेवावीत.

फार जुन्या किरकोळ मागण्यांबद्दल एक चांगली बातमी. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातल्या घोषणेनुसार आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या रद्द झाल्या, एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. तुमच्या नावावरची तशी मागणी अजून दिसत असेल तर तक्रार नोंदवा.

रिटर्न राहून गेलं असेल तर

पैशांची ओढाताण असली की माणूस रिटर्नही भरत नाही, आणि रिफंड तिथेच अडकतो. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. लेट फी ५००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १०००. त्यानंतरच्या ‘आयटीआर-यू’ने, म्हणजे अपडेटेड रिटर्नने, रिफंड मागता येत नाही, तो फक्त जादा कर भरण्यासाठी आहे. कित्येक एजंट हे सांगत नाहीत. राहून गेलेल्या वर्षांसाठी कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्या करनिर्धारण वर्षाच्या (उत्पन्नाच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत हा अर्ज चालतो, आणि एक कोटीपर्यंतच्या रकमेचा निर्णय प्रधान आयुक्तांच्या हातात असतो. अडचण खरी होती हे कागदोपत्री दाखवावं लागतं: नोकरी गेल्याचं पत्र, इस्पितळाची बिलं. अशा उशिराच्या रिफंडावर व्याज मिळत नाही.

उलट घाईही करू नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस मालक ३१ मे पर्यंत आपल्या रिटर्नमध्ये दाखवतो, त्यानंतरच तो २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, उतरतो. एप्रिलमध्येच रिटर्न भरून टाकलं तर क्रेडिट जुळत नाही, रिफंड कमी निघतो आणि दुरुस्ती अर्ज करत बसावं लागतं. आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचंच.

रिफंड मोठा होऊच का द्यायचा?

आमचं ठाम मत असं, की हप्ते थकलेल्या माणसाचा रिफंड जितका छोटा तितका बरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून सुटलेल्या गोष्टींची यादी आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. महिना ६०,००० पगार असेल तर सुमारे ४०,३३३ रुपयांना हात लावता येत नाही, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी पगारजप्ती एकूण २४ महिन्यांच्या पुढे जात नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम, ग्रॅच्युइटी हेही त्या यादीत किंवा आपापल्या कायद्याने सुरक्षित आहेत. आयकराचा रिफंड त्या यादीत नाही. म्हणजे पगारातून कापला जाईपर्यंत ज्या पैशाला कवच होतं, तोच पैसा सरकारकडून फिरून आला की उघड्यावर येतो.

आकडे घालून बघू. गोरेगावचा एक फिल्म एडिटर वर्षाला ९ लाखांची बिलं करतो. निर्मिती संस्था व्यावसायिक फीवरच्या १९४जे खाली १० टक्के, म्हणजे ९०,००० कापतात. व्यावसायिकांना अंदाजाने उत्पन्न दाखवू देणाऱ्या कलम ४४एडीए खाली बिलांच्या निम्मं उत्पन्न धरलं तर ते साडेचार लाख. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या ५०,००० वर ५ टक्के म्हणजे २५००, आणि तेही ८७ए मध्ये माफ. सगळे ९०,००० परत. सरकार त्यावर कलम २४४ए प्रमाणे महिना अर्धा टक्का व्याज देतं, म्हणजे ४५० रुपये, आणि मुदतीत भरलेल्या रिटर्नसाठी ते १ एप्रिलपासून मोजतं. तेवढीच रक्कम कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांनी थकलेली असेल तर दरमहा ३१५० रुपये चढतात. वर सरकारी व्याज करपात्र, ते इतर उत्पन्नात दाखवायचं.

याला उपाय म्हणजे कमी किंवा शून्य टीडीएसचं प्रमाणपत्र, जुन्या कायद्यातलं कलम १९७. जुन्या नियमांत फॉर्म १३ म्हणून ओळखला जाणारा हा अर्ज खात्याच्या टीडीएससाठीच्या ट्रेसेस पोर्टलवरून होतो. मागच्या वर्षांची रिटर्नं, चालू वर्षाचा अंदाज आणि पैसे देणाऱ्यांचे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचे नंबर लागतात. प्रमाणपत्र मिळाल्याच्या तारखेपासून पुढेच लागू होतं, म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. नोव्हेंबरात केलेल्या अर्जाचा फार फायदा नाही. जुनी कराची मागणी बाकी असेल तर तिथे अडतं, त्यामुळे वरचा सापळा आधी सोडवा.

पगारदाराला हे सोपं आहे. एचआरला सवलतींचा तपशील (जुना फॉर्म १२बीबी) वेळेवर द्या. नोकरी बदलली तर आधीच्या पगाराचा तपशील नव्या मालकाला द्या. ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२बीएए ची सोय झाली. बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस किंवा परदेश सहलीवर विक्रेत्याने आगाऊ घेतलेला कर, म्हणजे टीसीएस, त्यात मालकाला कळवला की पगारातली कपात तेवढी कमी होते. हा फॉर्म बहुतेक कचेऱ्यांमध्ये कोणी आपणहून देत नाही, मागावा लागतो. शक्य असेल तर वाचलेली रक्कम पीएफच्या ऐच्छिक वर्गणीत वळवता येते. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम १० मध्ये तर ऑफिशियल असायनीला, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याला, या रकमेवर हक्क नाही असं नावानिशी लिहिलेलं होतं. पण हे चालू पगारातून, सवयीप्रमाणे झालं पाहिजे. नादारीच्या अर्जाच्या आदल्या महिन्यात दीड लाख पीपीएफमध्ये कोंबणं कोर्टाच्या नजरेत भरतं.

पगारदार सहकारी पतसंस्थेचं कर्ज असेल तर वेगळा हिशेब. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली तुम्ही सही करून दिलेल्या करारावर मालक थेट पगारातून हप्ता कापतो, कोर्टाची पायरी येतच नाही.

नादारीचा अर्ज केला तर रिफंडाचं काय

नव्या दिवाळखोरी संहितेचा, म्हणजे आयबीसीचा, व्यक्तींसाठीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. तुम्ही तसे हमीदार असाल तर प्रकरण एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जातं. बाकी सगळ्या मुंबईकरांसाठी आजही १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि मुंबई उच्च न्यायालय. त्यात नादार ठरवल्याचा हुकूम झाला की कलम १७ प्रमाणे तुमची मालमत्ता ऑफिशियल असायनीकडे जाते. कलम ५२ प्रमाणे त्या मालमत्तेत नादारी सुरू होतानाचं सगळं येतं आणि कोर्टाकडून देण्यांतून मुक्तता मिळेपर्यंत पुढे जे मिळेल तेही येतं. म्हणजे आधीच्या वर्षाचा न आलेला रिफंड त्यांचा, आणि पुढच्या वर्षी आलेलाही त्यांच्या कक्षेत. कर्जदारापाशी काय राहतं? कायद्याच्या मूळ मजकुरात कामाची हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी आणि फर्निचर मिळून ३०० रुपयांपर्यंत. १९०९ साली त्यात संसार मावत असेल, आता कुकरही येत नाही.

गंमत म्हणजे मुलुंड चेक नाका ओलांडला की कायदा बदलतो. ठाणे, वसई, नवी मुंबईला १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि जिल्हा पातळीवरचं कोर्ट. त्याच्या कलम २८(५) मध्ये दिवाणी संहितेने जप्तीतून सोडलेली मालमत्ता थेट वगळलेली आहे. रिफंड मात्र दोन्हीकडे उघडाच.

आयकर कायद्याच्या कलम २३८(२) प्रमाणे नादारीमुळे माणूस स्वतः रिफंड घेऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने रिसीव्हर किंवा ट्रस्टी तो मागू शकतो. पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणीची सोय आहे. म्हणून हुकूम झाल्यावर आपल्या खात्यात गुपचूप रिफंड मागवायचा विचार करू नका. पॅनवर सगळं दिसतं.

अर्जदाराने हुकमापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह मालमत्ता आणि देण्यांची यादी द्यायची असते. त्यात ‘आयकर रिफंड येणे, करनिर्धारण वर्ष अमुक, अंदाजे रक्कम अमुक’ अशी ओळ असलीच पाहिजे. रिटर्न भरलं नसेल तरी टीडीएस २६एएस मध्ये दिसतोच, तेही येणंच. हुकमाआधी हातात आलेला रिफंड घरभाडं, शाळेची फी, औषधं, वकिलाची फी यांवर खर्च केला आणि पावत्या ठेवल्या तर सहसा प्रश्न येत नाही. तोच पैसा अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत मेव्हण्याचं हातउसनं फेडायला वापरला तर कलम ५६ खाली एका सावकाराला झुकतं माप दिल्याचा ठपका बसतो आणि मेव्हण्याकडून तो परत मागवला जातो. बायकोच्या नावावर बक्षीस म्हणून वळवला तर कलम ५५, तिथे मागची दोन वर्षं बघतात.

सरकारची देणी या कायद्यात सगळ्यात पुढे आहेत. कलम ४९ मध्ये त्यांना अग्रक्रम, आणि कलम ४५ प्रमाणे मुक्तता मिळाली तरी ती माफ होत नाहीत. फसवणुकीतून झालेली देणीही तशीच. म्हणून कराची मागणी अंगावर असताना ‘नादार झालो की सुटलो’ हा हिशेब चुकतो.

पैसे देऊन कोणाकडे जायचं

पोर्टल फुकट आहे, साधं रिटर्न स्वतः भरता येतं. पण वर लिहिलेल्यातलं काही तुम्हाला लागू असेल तर जाणकाराला पैसे देणं वसूल होतं. चार्टर्ड अकाउंटंट निवडताना एक सोपी चाळणी आहे: रिफंडाचा अमुक टक्का फी मागतो का? सीएंच्या आचारसंहितेत टक्केवारीवर फी घ्यायला मनाई आहे, अपवाद अगदी मोजके. टक्का मागणारा बहुधा सीए नसतो, आणि त्याचं उत्पन्न तुमचा रिफंड फुगवण्यात असतं. खोटं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी, नसलेला मेडिक्लेम. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशाच रिटर्न भरणाऱ्यांवर देशभर छापे घातले. चुकीच्या माहितीवर कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड बसतो, तो तुमच्या नावावर, एजंटाच्या नाही. आणि वर म्हटल्याप्रमाणे हे देणं नादारीतही धुतलं जात नाही.

‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ म्हणणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांना रिफंडाची रक्कम आगाऊ फी म्हणून देऊ नका. तीच रक्कम बँकेशी थेट एकरकमी तडजोडीत जास्त कामाला येते, फक्त तडजोडीचं पत्र आधी लेखी घ्या आणि मगच भरा. कोर्टाच्या कामासाठी वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे कायद्यानेच मोफत वकील मिळतो.

कोणाकडूनही रिटर्न भरून घेतलं तरी पोचपावती, उत्पन्नाचा हिशेब आणि पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘माय प्रोफाइल’मधल्या संपर्काच्या रकान्यात प्राथमिक मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते आजच उघडून बघा. पुष्कळ एजंट तिथे स्वतःचा टाकून ठेवतात. मग २४५ ची सूचना त्यांच्याकडे जाते, ते ती बघत नाहीत, आणि रिफंड कापला गेल्यावरच तुम्हाला कळतं. नंबर बदलायला एजंटाला विचारावंही लागत नाही.